मटण शिजू दे, बाई मोकळी होऊ दे!

मैत्रिणींनो, हल्ली टीव्हीवर आणि मोबाइलवर परदेशी पदार्थांची नुसती रेलचेल असते. त्यात फ्रेंच पद्धतीचं 'ब्रेझ' केलेलं मटण दाखवलं, की आपण म्हणतो, "हे आपलं काम नव्हे बाई! त्यांच्याकडे ओव्हन, त्यांच्याकडे वाइन, आपल्याकडे चूल नाहीतर दोन शेगड्यांचा गॅस." पण जरा नीट पाहिलं तर हा पदार्थ आपल्या स्वयंपाकघराचा सख्खा शेजारी निघतो.

फ्रेंच भाषेत 'ब्रेझ' म्हणजे निखारा. पूर्वी तिकडे जाड बुडाचं भांडं निखाऱ्यावर ठेवत आणि झाकणावरही निखारे रचत. वरून-खालून मंद धग देण्याची ही तऱ्हा आपल्या आज्यांना काय नवीन होती? आपण भाजीवर ताट झाकतो आणि ताटात पाणी ओततो. वरचं पाणी गार असल्यामुळे आतली वाफ ताटाला लागून थेंब बनते आणि पुन्हा भाजीत पडते. फ्रान्समध्ये याच युक्तीचं खोलगट झाकणाचं भांडं विकत मिळतं. आपलं ताट फुकटचं!

तिकडचा 'कॉक ओ व्हँ' हा गाजलेला पदार्थ मुळात म्हाताऱ्या, चिवट कोंबड्याचा. गावरान कोंबडा शिजवणारीला हे वेगळं सांगायला नको. चिवट मांसात चिकट तंतू जास्त असतात. साधारण सत्तर अंशांच्या पुढे तासन् तास मंद आच मिळाली की ते विरघळतात आणि रस्सा दाट, ओठाला चिकटेल असा होतो. म्हणून या पद्धतीला खांद्याचं, मानेचं, नळीचं मटण घ्यावं. घाईत रटरटा उकळलं तर तेच मटण दोऱ्यासारखं कोरडं होतं.

करायचं कसं? एक किलो बोकडाचं मटण मोठ्या तुकड्यांत घ्या आणि पुसून कोरडं करा. जाड पातेल्यात दोन-तीन चमचे तेल चांगलं तापवा. थोडे थोडे तुकडे टाकून सगळ्या बाजूंनी तांबूस करा. सगळे एकदम टाकले तर पाणी सुटतं आणि रंग येत नाही. मटण बाजूला काढून त्याच तेलात चार कांदे, दहा-बारा लसूण पाकळ्या आणि दोन गाजरं परता. चमचाभर कणीक भुरभुरा. तीन टोमॅटो, तमालपत्र, मिरी, मीठ घाला आणि बुडाला धरलेलं सगळं खरवडून घ्या, खरी चव तिथेच असते. वाइनची आंबट चव टोमॅटो भरून काढतो. मटण परत घालून ते अर्धं बुडेल इतकंच गरम पाणी ओता. वर पाण्याचं ताट ठेवा आणि अगदी बारीक आचेवर दोन-अडीच तास सोडून द्या. मधून एखादवेळा पाणी बघा, बस्स. दुसऱ्या दिवशी गरम करून भाकरीशी खाल्लंत तर चव आणखी मुरलेली लागते.

आता मुद्द्याचं बोलते. या पद्धतीतली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे 'सोडून द्या' हे दोन शब्द. फ्रान्सच्या अल्सास भागात 'बेकेओफे' नावाचा पदार्थ आहे. नावाचा अर्थच बेकरीवाल्याची भट्टी. सोमवार हा धुण्याचा दिवस. बायका मांस आणि बटाटे भांड्यात भरत, झाकण कणकेने बंद करत, भांडं बेकरीवाल्याकडे ठेवत आणि धुण्याला जात, असं तिकडे सांगतात. पाव भाजून झाल्यावर भट्टीत जी धग उरे, तिच्यावर जेवण शिजे. म्हणजे हा पदार्थ चैनीतून नाही, बाईच्या कामाच्या रगाड्यातून आला.

आपल्याकडे उलटं. राजगडाच्या पायथ्याचं गुंजवणे घ्या. इथून चोर दरवाज्याची वाट गडावर जाते. जुलै २०२५ मध्ये राजगड युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. अशा गडाखालच्या गावात शनिवार-रविवारी पाहुण्यांच्या पंगती उठतात. पाहुणा म्हणतो, "चुलीवरचं मटण हवं." चुलीवरची चव त्याला मिळते, धूर मात्र बाईच्या डोळ्यांत जातो. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, सिलिंडर घरात आला, पण तो भरून आणायला पैसे लागतात, म्हणून चूल विझत नाही. तीन तास मटण म्हणजे तीन तास फुंकणी, असं का असावं?

वेल्हे हा भाताचा मुलूख, पेंढा दारात आहे. मोठ्या टोपलीत किंवा खोक्यात पेंढा दाबून भरा, मधे पातेल्याची जागा करा. मटण झाकण ठेवून अर्धा तास चांगलं उकळा आणि न उघडता ते भरलेलं पातेलं आत ठेवा. वर पेंढ्याची उशी आणि गोधडी टाका. तीनेक तासांनी काढलं की परत खळखळून उकळी आणायचीच, मांसाच्या बाबतीत ही सवलत नाही. थोडं कमी शिजलेलं असेल तर तेव्हाच शिजतं. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये इंधन वाचवायला अशाच गवताच्या पेट्या वापरत. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने सराई कुकर केला. त्यात शंभरेक ग्रॅम कांडी कोळशावर वाफेने घरचं जेवण शिजतं. म्हणजे उपाय आहेत. बाईचा वेळ आणि बाईचा श्वास मोजायची सवय तेवढी नाही.

आणि शेवटची गोष्ट, ताटाची. मटण कुणी शिजवलं आणि नळी कुणाच्या ताटात गेली? पुष्कळ घरांत पुरुष आधी, मग मुलं, मग पातेल्याला लागलेला रस्सा आणि भाकरी बाईला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. मांसातलं लोह शरीराला लवकर लागू पडतं. तेच नेमकं ज्या घरात शिजतं तिथल्या बाईला मिळू नये? "मला आवडत नाही" म्हणून आपणच वाटी सरकवतो, तेव्हा आपली मुलगीही तेच शिकत असते.

तेव्हा येत्या रविवारी हे मटण जरूर करा. मोठे तुकडे परतायला घरातल्या पुरुषांना उभं करा, त्याला काही फ्रेंच यावं लागत नाही. पातेलं पेंढ्यात ठेवून शेजारणीकडे जा, बचत गटाचा हिशेब करा, नाहीतर चक्क आडव्या व्हा. आणि वाढायच्या आधी आपल्या वाटणीचे दोन तुकडे वेगळ्या वाटीत काढून ठेवा. मागून उरलं तर खाईन, हे आता पुरे झालं.