अडीच फुटांचे जोते, तीस फुटांचा उतार

बुलढाणा जिल्ह्यात इमारतीचे जोते उंच घेतात, त्याला कारण आहे. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर या भागात खोलवर काळी माती आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, आवारात चिखल होतो आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून शाळा असो, तलाठी कार्यालय असो की आरोग्य केंद्र, जोते अडीच-तीन फुटांवर जाते आणि दारापुढे पाच-सहा पायऱ्या येतात. यात गवंड्याची किंवा अभियंत्याची काही चूक नाही. चूक होते ती त्यानंतर, पायऱ्यांशेजारी दिव्यांगांसाठी उतार करताना.

हिशेब सोपा आहे. चाकाच्या खुर्चीतला माणूस स्वतःच्या हातांनी चढू शकेल असा उतार एकास बारा असावा लागतो. एक फूट उंची गाठायला बारा फूट लांबी. अडीच फुटांच्या जोत्याला तीस फूट. राज्यात डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतही हेच प्रमाण आहे. रुंदी १.८ मीटर हवी, सलग लांबी ९ मीटरपेक्षा जास्त नको, पृष्ठभाग न घसरणारा हवा, दोन्ही बाजूंना कठडा हवा आणि तो कठडा उताराच्या दोन्ही टोकांना ३०० मिलिमीटर पुढे आलेला हवा. या शेवटच्या फूटभर लांबीचे महत्त्व कुबड्या घेऊन चालणाऱ्याला विचारा. उतारावरून पाय सपाटीवर टेकवण्याच्या क्षणी त्याला आधार लागतो आणि नेमका तिथेच बहुतेक वेळा कठडा संपलेला असतो.

प्रत्यक्षात पायऱ्या आणि फुलझाडांचा वाफा यांच्यामध्ये सात-आठ फूट जागा उरलेली असते. तेवढ्यातच उतार बसवला जातो. एकास बारा हवे तिथे एकास तीन होते. त्यावर खुर्ची चढवायला दोन धडधाकट माणसे लागतात. एक मागून रेटणारा, दुसरा पुढून धरणारा. उतरताना खुर्ची पाठमोरी करून इंचाइंचाने सोडावी लागते. त्यात वर गुळगुळीत फरशी असली की पावसाच्या पहिल्या सरीनंतर धडधाकट माणूसही तिकडे फिरकत नाही. आणि मग त्या उतारावरून साहेबांची मोटारसायकल व्हरांड्यात चढते, कारण ती इंजिनाच्या जोरावर जाते.

काळ्या मातीचा दुसरा तडाखा याच उताराला बसतो. इमारतीचा पाया खोदताना उतार नकाशात असला तरी कुणाच्या डोक्यात नसतो. रंगरंगोटी आटोपली, उद्घाटनाची तारीख ठरली की दोन ट्रॉल्या भराव टाकून त्यावर काँक्रीट ओततात. इमारत पायावर उभी असते, उतार मात्र मातीवर पडलेला असतो. दोन पावसाळ्यांत तो खचतो, जोत्यापासून सुटतो आणि वरच्या टोकाला दोन बोटे, चार बोटे उंचीची धार तयार होते. खुर्चीची पुढची चाके लहान असतात. ती त्या धारेला अडतात आणि माणूस तोंडघशी पडतो. हे टाळायला काही नवे तंत्र शोधायचे नाही. उताराखालची काळी माती काढून मुरूम भरून तो दाबायचा, उतार जोत्याच्या बीमला जोडून घ्यायचा आणि पायाबरोबरच बांधायचा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे फाटकापासून दारापर्यंतचे आवारच हळूहळू उंच करत न्यायचे. मग वेगळा उतार लागतच नाही. म्हातारी माणसे, बाळंतीण, स्ट्रेचर, सगळे एकाच वाटेने आत जातात. पण हा निर्णय जागेची आखणी करतानाच घ्यावा लागतो. पायऱ्या बांधून झाल्यावर तो घेता येत नाही.

अशा इमारतींची दारे, शौचालये, खिडक्या सगळीकडे हीच कहाणी आहे. नियम ठाऊक असतो, वस्तूही बसवलेली असते, पण ती वापरणारा माणूस तिथपर्यंत कसा येईल आणि आल्यावर काय करील, हे कुणी चालून पाहिलेले नसते.

शौचालयाचे उदाहरण घ्या. दारावर चाकाच्या खुर्चीचे निळे चित्र असते, आत कमोड असतो, भिंतीला नळीही असते. दार मात्र आत उघडते. खुर्ची आत गेली की दार लागत नाही आणि दार लावायचे तर खुर्ची बाहेर ठेवावी लागते. आतले पाणी बाहेर येऊ नये म्हणून दोन इंचांचा उंबरठा घातलेला असतो. आधाराची नळी अर्ध्या विटेच्या भिंतीत टाइल्सवर स्क्रूने ठोकलेली असते. कमरेखाली बळ नसलेला माणूस खुर्चीतून कमोडवर सरकताना अंगाचा सगळा भार त्या नळीवर टाकतो आणि ती हातात येते. दार बाहेर उघडणारे, ९०० मिलिमीटर मोकळे आणि नळीमागे पक्की भिंत, एवढ्यानेच हे शौचालय वापरण्याजोगे होते. नंतर निदान त्यात झाडू, फिनेल आणि मोडक्या खुर्च्या ठेवू नयेत, आणि त्याची किल्ली शिपायाच्या खिशात नसावी. सरकारी कामासाठी तालुक्याला येणाऱ्या कितीतरी दिव्यांग स्त्रिया सकाळपासून पाणी पीत नाहीत. त्या इमारतीत आपल्याला जाता येईल असे शौचालय नाही, हे त्यांना ठाऊक असते.

मळणी यंत्रात हात गेलेल्या शेतकऱ्याला उताराची गरज नसते. त्याची अडचण दाराच्या गोल मुठीशी आणि फिरवून उघडायच्या नळाशी असते. मूठ दांडीची असेल तर ती कोपरानेही खाली दाबता येते. खर्चात फरक जवळजवळ नाही.

अंधांसाठी बसवलेल्या पिवळ्या फरशांचे तर अर्थच बदलून टाकले जातात. रेघांची फरशी म्हणजे या दिशेने चला. ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढे जिना किंवा धोका आहे. दोन्ही दिसायला शोभिवंत म्हणून मिसळून बसवल्या की काठी टेकत येणाऱ्याला त्या खोटे सांगतात. अंधुक दिसणाऱ्यांसाठी पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी लागते. ती रंगाच्या एका डब्यात होते. ऐकू न येणारा माणूस रुग्णालयाच्या बाकावर नंबर पुकारला जाण्याची वाट पाहत दुपारपर्यंत बसून राहतो, कारण नंबर फक्त तोंडाने पुकारला जातो.

आणि उतार, दार, शौचालय सगळे नीट असले तरी कार्यालयच वरच्या मजल्यावर असेल तर? ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात दिव्यांग हक्क कार्यकर्त्या विराली मोदी यांना स्वतःच्या लग्नाच्या दिवशी दोन मजले उचलून न्यावे लागले. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि अधिकारी खाली आले नाहीत. तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्यांची माफी मागितली. मुंबईत, समाजमाध्यमांवर आवाज असलेल्या स्त्रीच्या वाट्याला हे येते, तर लोणार किंवा मोताळ्याच्या एखाद्या गावातून निराधार योजनेच्या कागदासाठी येणाऱ्या माणसाचे काय होत असेल? लिफ्ट बसवणे खर्चाचे आहे आणि आपल्याकडे वीज जाते, हे मान्य. पण दिव्यांगांचे आणि वृद्धांचे काम ज्या टेबलावर चालते ते तळमजल्यावर आणायला एक हुकूम पुरतो.

कायदा या बाबतीत कमी पडलेला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४४ नुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकामाची परवानगी देता येत नाही आणि पूर्ण झालेल्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखलाही देता येत नाही. आधीपासून उभ्या असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम्य करायला नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये आले. मुदत जून २०२२ मध्ये संपली. कायदा मोडणाऱ्याला पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत, पुढच्या वेळी पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंड आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याहून पुढचे पाऊल टाकले. सुगम्यतेचे निकष केवळ मार्गदर्शक राहतील अशी सोय करणारा नियम १५ न्यायालयाने कायद्याशी विसंगत ठरवला, किमान निकष सक्तीचे करण्यासाठी केंद्राला तीन महिने दिले, आणि पालन न झाल्यास पूर्णत्वाचा दाखला रोखण्यापासून दंडापर्यंतची कारवाई झाली पाहिजे, असे बजावले.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. राज्याचे हे प्रमाण बुलढाणा जिल्ह्याच्या २५ लाख ८६ हजार लोकसंख्येला लावले तर आकडा ६८ हजारांच्या आसपास जातो. तेव्हा मोजणीत दिव्यांगत्वाचे आठ प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने एकवीस मान्य केले आहेत. पैसा नाही ही सबब इथे टिकत नाही. ग्रामपंचायतींना स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी राखायचा असतो. शिवाय पायाबरोबर बांधलेला उतार आणि नंतर फोडून पुन्हा बांधलेला उतार यांत स्वस्त कोणता, हे कुठल्याही ठेकेदाराला विचारावे.

यात्रेच्या आणि पर्यटनाच्या ठिकाणीही हाच विचार व्हायला हवा. लोणारच्या विवरात तळापर्यंत चाकाची खुर्ची नेता येणार नाही, हे कुणीही समजून घेईल. पण काठावर जिथून सरोवर दिसते ती जागा, तिकीट खिडकी, वाहनतळ आणि शौचालय यांना निसर्गाची काही आडकाठी नाही. सिंदखेडराजाला १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीसाठी राज्यभरातून लोक येतात; लखुजीराव जाधवांच्या वाड्याच्या जुन्या दगडाला धक्का न लावता काढता-घालता येणारा लाकडी उतार तिथे ठेवता येतो.

आमची मागणी मोजमापाशी निगडित आहे. इमारतीचे शेवटचे देयक निघण्याआधी कनिष्ठ अभियंत्याने पाणसळ आणि टेप घेऊन उताराची उंची-लांबी मोजावी आणि मोजमाप पुस्तिकेत लिहावी. ‘उतार : आहे’ एवढी नोंद चालणार नाही. त्याच दिवशी चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एका आणि अंध असलेल्या एका नागरिकाला बोलवावे, त्यांना फाटकापासून खिडकीपर्यंत आणि तिथून शौचालयापर्यंत कुणाच्या मदतीविना जाऊ द्यावे, आणि दोघांची सही पूर्णत्वाच्या दाखल्यावर घ्यावी. तेराही तालुक्यांतल्या जुन्या इमारतींची अशीच तपासणी करून यादी जाहीर करावी.

सुरुवात कुठून करायची हेही समोर आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी राज्यातली जी दहा वैद्यकीय महाविद्यालये सुरू केली, त्यांत बुलढाण्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्यासाठी जे जे नवे बांधकाम होईल, तिथे पायऱ्या चढून आलेला रुग्ण कमी आणि उचलून आणलेला रुग्ण जास्त येणार आहे. तिथे शिकणाऱ्यांत आणि शिकवणाऱ्यांतही दिव्यांग असतील. पालकमंत्री आणि जिल्हाधिकारी यांनी या बांधकामांचे नकाशे निविदा निघण्याआधी जिल्ह्यातल्या दिव्यांगांपुढे ठेवावेत, त्यांच्या हरकती लेखी घ्याव्यात आणि जोत्याची उंची व उताराची लांबी त्यांच्यासमोर ठरवावी.