सोपा काळ शेवटी कशाला?
स्पॅनिशच्या वर्गात ‘बोललो असतो’ हे रूप बहुधा शेवटाकडे ढकलले जाते. ते लवकर शिकवायला हवे. ‘आब्लार’ (बोलणे) या क्रियापदाचे ‘आब्लादो’ झाले की ते हलत नाही. फिरते फक्त साहाय्यक क्रियापद: आब्रिआ, आब्रिआस, आब्रिआ, आब्रिआमोस, आब्रिआइस, आब्रिआन. मराठीत ‘बोललो असतो’, ‘बोलली असती’ असे दोन्ही शब्द बदलतात. तो भार इथे नाहीच.

‘एस्क्रितो’ (लिहिलेले), ‘एचो’ (केलेले) ही अनियमित रूपे अडवतात, हा आक्षेप टिकत नाही. ती पूर्ण वर्तमानकाळात आधीच येऊन गेलेली असतात. ‘आब्रिआ’ऐवजी त्याच साहाय्यक क्रियापदाचे दुसरे रूप ‘उबिएरा’ चालते, हे मात्र खरे, आणि व्याकरणालाही मान्य. पण उलट अदलाबदल प्रमाण भाषेत चालत नाही: ‘जर’च्या बाजूला ‘उबिएरा’च हवे. म्हणून दोन्ही रूपे शेजारी ठेवूनच शिकवावीत.