वास्तुशास्त्र आणि माळवदाचे ओझे

हिंगोली जिल्ह्यातील जुन्या घरांचे शहाणपण दिशांच्या कोष्टकात नव्हे, तर उन्हाच्या अनुभवात आहे. जाड भिंती व मातीचे माळवद उन्हाळ्यात गारवा राखतात. मधला चौक उजेड आणि वारा आत आणतो. वास्तुशास्त्राचा टिकाऊ अर्थ तो हाच. परंतु ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात अशाच जड माळवदांखाली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोलीची भूमीही ४.५ तीव्रतेच्या धक्क्याने हादरली. तेव्हा ईशान्येच्या देवघराची चिंता जरूर वाहावी; पण त्याआधी भिंतींना काँक्रीटचे पट्टे बांधावेत, माळवदाचा भार हलका करावा. आतल्या माणसांचे रक्षण हाच वास्तूचा पहिला धर्म होय.