पेल्यातले पाणी कोणाचे?

पुण्यात २००९ साली मायक्रोब्रुअरी निघाली, आणि तेव्हापासून उपाहारगृहांची एक नवी जात महाराष्ट्रातील सुखवस्तू वस्त्यांत रुजली आहे. काचेपलीकडे चकाकणाऱ्या टाक्या, जागच्या जागी आंबवलेली बिअर, सोबतीला 'आशियाई धर्तीचे' पदार्थ, आणि या साऱ्याला नाव काय, तर 'आपल्या शेजारचा अड्डा'! हा 'शेजार' नेमका कोणाचा, याचा हिशेब छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात मांडून पाहिला पाहिजे.

शहागंज हाही शेजारच आहे. घड्याळाचा मनोरा, भाजीबाजार, हातगाड्या आणि हमालांची वर्दळ हे त्याचे वैभव. आशियाई अन्नाची ओळख या वस्तीला कोणी नव्याने करून द्यावी, असे मुळीच नाही. लोकपरंपरा ज्याचे नाते तुघलकाच्या दौलताबादशी जोडते, तो नान-खलिया मूळचा फौजेच्या पंगतीतला. आजही या शहरात तो लग्नाकार्यात शेकडोंना एकत्र वाढला जातो. १९५३ साली रंगूनला आशियाई समाजवादी परिषद भरली, तेव्हा 'आशिया' या शब्दाचा अर्थ गुलामीतून उठणाऱ्या जनतेची एकजूट असा होता. आज तो खाद्यपदार्थांच्या यादीतील एक मथळा झाला आहे.

परंतु खरा प्रश्न चवीचा नाही, पाण्याचा आहे. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी डोंगरातले पाणी भूमिगत नहरींतून, केवळ उताराच्या बळावर, खडकीत आणले. त्याच नगरीच्या वारसांनी, पैठणचा अथांग नाथसागर जवळ असताना, एकेका नळपाण्यासाठी आठ-आठ दिवस वाट पाहिली आहे. धरण १९७६ साली राष्ट्राला अर्पण झाले. पण घागरीपर्यंत पोहोचताना त्याचे पाणी दरवेळी वाटेतच अडले. २०१४ मध्ये शहराचा पाणीपुरवठा खासगी कंपनीच्या हाती देण्यात आला आणि २०१६ मध्ये तो करार मोडावा लागला. औद्योगिक वसाहतींची नळयोजना मात्र स्वतंत्र! वाळूज आणि चिकलठाण्यातील बिअरचे कारखाने याच शहराच्या अंगणात उभे राहिले. एक लिटर बिअर तयार करताना कारखान्यात साधारणतः चार-पाच लिटर पाणी खर्ची पडते; बार्लीच्या शेतातले पाणी वेगळेच.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरची तहान भागवण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्य व बिअरच्या कारखान्यांचे पाणी निम्म्याने आणि पुढे साठ टक्क्यांनी तोडण्याचा आदेश दिला. जे शासनाने आपण होऊन करावयाचे, ते न्यायालयाला सांगावे लागले! यात आश्चर्य तरी काय? २००३ च्या राज्य जलनीतीने पिण्याच्या पाण्यानंतरचे स्थान शेतीला न देता उद्योगाला दिले होते. हा क्रम २०११ साली कागदावर बदलला. नळाच्या तोटीपाशी तो बदलल्याचा पुरावा कोठे आहे?

रोजगार बुडेल, अबकारी महसूल बुडेल, अशी ओरड यावर होईल. पण पाण्यासाठी ज्या हमालाची हजेरी बुडते, घागर घेऊन रात्र जागणाऱ्या ज्या स्त्रीची झोप मोडते, त्यांच्या तोट्याची नोंद कोणत्या खात्यात होते? टँकरवर उधळलेला पैसा हाही महसूलच आहे. तो गरिबांकडून वसूल होतो आणि खासगी खिशात जातो, एवढाच फरक.

बिअर पिणाऱ्याला पापी ठरविणे हे समाजवाद्यांचे काम नव्हे. कोणी काय प्यावे यापेक्षा कोणाला आधी प्यावयास मिळावे, हा त्यांचा प्रश्न आहे. म्हणून मागणी साधी आहे. धरणातून कोणत्या कारखान्याला, कोणत्या उपाहारगृहाला किती पाणी मिळते, याचा आकडा दरमहा प्रभागाच्या फलकावर लावला जावा. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तेथे मद्यनिर्मितीला, मग ती कारखान्यातील असो वा काचेपलीकडच्या टाकीतील, पाण्याचा नवा थेंबही मंजूर होऊ नये. हे दोन ठराव घेऊन कार्यकर्त्यांनी शहागंजापासून प्रभागसभा सुरू कराव्यात.

टाकीतली बिअर मुरायला काही आठवडे थांबावे लागते, आणि तेवढे थांबण्याची चैन तिच्या ग्राहकाला परवडते. शहागंजातील रिकाम्या घागरीने मात्र पुष्कळ वाट पाहिली आहे.