मी येतो की मी येते?

आजचा विषय जरा वेगळा आहे. ट्रान्सजेंडर हा शब्द निघाला की आम्हा आयटीवाल्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं, "आपल्याला काही प्रॉब्लेम नाही बुवा!" छान. पण प्रॉब्लेम नसणं म्हणजे मदत करणं नव्हे. समजा, तुमच्या टीममधल्या कुणी सोमवारी सांगितलं की मी बाई आहे, आजपासून माझं नाव हे. तुम्ही नेमकं काय कराल?

सुरुवात भाषेपासून. इंग्रजीत 'यू' म्हटलं की भागतं. मराठीत "आलास का?" की "आलीस का?" हे पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. पण उत्तरही मराठीतच आहे. समोरचं माणूस स्वतःबद्दल "मी येतो" म्हणतंय की "मी येते", एवढं कान देऊन ऐका आणि तेच वापरा. अंदाज येईना तर "आलात का? जेवलात का?" अहो-जाहोत तो आणि ती दिसतच नाहीत! तरी कळेना तर बाजूला घेऊन सरळ विचारा. जीभ घसरली तर "सॉरी, आलीस" म्हणा आणि पुढे चला. पाच मिनिटं माफी मागत बसलात तर तिलाच तुमची समजूत काढावी लागते. आणि हो, ऑपरेशन झालं का, हा प्रश्न कँटीनमध्येच काय, कुठेच विचारायचा नसतो.

आता आपला धंदा. जुनं नाव आयकार्डवर, ईमेल आयडीत, चॅटमध्ये, सगळीकडे चिकटलेलं असतं. तिने कुणाला काही सांगायच्या आधीच मीटिंगचं आमंत्रण सगळ्यांना सांगून मोकळं! पगार, पीएफ, बँक यांना कागदोपत्री नाव लागतं, मान्य. पण स्क्रीनवर दिसणारं नाव वेगळं ठेवायला एक कॉलम पुरतो. लग्नानंतर आडनाव बदललं की आपण हे करतोच ना? मग इथेच "सिस्टिममध्ये होत नाही" कसं? तिच्या परवानगीने ते तिकीट तुम्ही टाका, आणि बंद होईपर्यंत पाठपुरावा करा.

तिसरी गोष्ट कायद्याची. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात तृतीय लिंगाला मान्यता दिली. आपल्या ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्या खटल्यात बाजू मांडणाऱ्यांपैकी एक होत्या. पुढे २०१९ च्या कायद्याने नोकरीतल्या भेदभावाला मनाई केली आणि प्रत्येक आस्थापनेला तक्रार अधिकारी नेमायला सांगितलं. तुमच्या कंपनीत हे अधिकारी कोण? एचआरला मेल टाकून विचारा. भेदभाव झालेल्या माणसानेच विचारायला हवं असं थोडंच आहे!

आणि शेवटचं, माझ्या मते सगळ्यात अवघड. २०१७ मध्ये कोची मेट्रोने ट्रान्सजेंडर कर्मचारी नेमले, तेव्हा देशभर कौतुक झालं. पण काही आठवड्यांतच त्यांतल्या काहींनी काम सोडलं. एक मोठं कारण म्हणजे शहरात कुणी घर भाड्याने देईना. नोकरी होती, पण रात्री जायचं कुठे?

आपल्यापैकी कितीतरी जणांनी हिंजवडी-वाकडकडे दुसरा फ्लॅट घेतलाय, गुंतवणूक म्हणून. भाडेकरू शोधताना, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी कुरकुर केली तर उठून बोलताना, तिथे खरी परीक्षा आहे. "आपल्याला काही प्रॉब्लेम नाही" हे वाक्य तिथे म्हणता येतं का बघा.