७८०५ची आरती आता पुरे!

आज जरा भांडायचं आहे. विषय आहे तीन पायांचा एक काळा ठोकळा आणि आपल्याकडे चालणारी त्याची पूजा. ई अँड टीसी किंवा इन्स्ट्रुमेंटेशन केलेल्यांनी ओळखलंच असेल. हो, तोच तो, सेव्हन एट झीरो फाइव्ह!

ज्यांनी कॉम्प्युटर किंवा आयटी केलंय त्यांच्यासाठी थोडक्यात: मायक्रोकंट्रोलरला ठरावीक व्होल्टेज लागतं, ५ किंवा ३.३. अडॅप्टर आणि बॅटरी मात्र आपल्या मर्जीने ९, १२, ३.७ असं काहीही देतात. मधे बसून ते नीट करणारा तो व्होल्टेज रेग्युलेटर. आपल्याकडच्या कुठल्याही कॉलेजचा कुठलाही फायनल इयर प्रोजेक्ट रिपोर्ट उघडा. ‘पॉवर सप्लाय’ नावाचं प्रकरण सापडेल आणि त्यात ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, कपॅसिटर, ७८०५. प्रोजेक्ट लिफ्टचा असो, रोबोचा असो की शेतातल्या ओलाव्याचा, आकृती तीच. व्हायवाला एक्स्टर्नल विचारतात, "७८०५ची दोन नंबरची पिन कुठली?" पोरगं म्हणतं, "ग्राउंड, सर." सर खूश, पोरगं खूश. "हाच का लावला?" हे कुणी विचारत नाही. माझं भांडण या न विचारलेल्या प्रश्नासाठी आहे.

आधी त्या ठोकळ्याची बाजू. ७८००ची ही मालिका सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची, फेअरचाइल्ड कंपनीची. तेव्हा सर्किट भिंतीतल्या विजेवर चालायचं आणि त्यातल्या टीटीएल चिप्स मिळून शेकड्यांनी मिलिअँपिअर खायच्या. अशा घरात रेग्युलेटरने स्वतःसाठी ५ मिलिअँपिअर घेतले तर कोण विचारतो? शिवाय तो दणकट. शॉर्ट झाला तर करंट आवरतो, तापला तर स्वतःहून बंद पडतो. भिंतीतल्या विजेवर चालणारं, कमी करंटचं काही करायचं असेल तर आजही खुशाल लावा, मी एक शब्द बोलणार नाही.

पण आता हिशोब बघा. १२ व्होल्टचा अडॅप्टर आहे. मायक्रोकंट्रोलर, दोन रिले, थोडे एलईडी असे मिळून २०० मिलिअँपिअर घेतात. ७८०५ हा लिनिअर रेग्युलेटर, म्हणजे वरचे ७ व्होल्ट तो सरळ उष्णतेत घालवतो. ७ गुणिले ०.२ म्हणजे १.४ वॅट. बारा रुपयांची वीज आणून सात रुपये शेकोटीत टाकल्यासारखं झालं हे! हीटसिंक नसेल तर दर वॅटमागे आतली चिप साधारण ६५ अंशांनी तापते. म्हणजे ९१ अंश. त्यात विदर्भातला मे महिना मिळवा, ४५. झाले १३६ अंश सेल्सिअस. डेटाशीट १२५च्या आत राहा म्हणतं. शिवाय सर्किट बंद डब्यात असेल तर आतली हवा ४५वर थोडीच थांबणार आहे? कॉलेजच्या लॅबमध्ये पंख्याखाली दहा मिनिटांचा डेमो मात्र झकास होतो.

इथे एखादा स्विचिंग रेग्युलेटर, म्हणजे बक कन्व्हर्टर हवा. एलएम२५९६चं तयार मॉड्यूल तापकीर गल्लीत मिळतं, लॅमिंग्टन रोडवर मिळतं. १२ वरून ५ करताना त्याची कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आसपास असते. १.४ वॅटच्या जागी पाव वॅटच्या आगेमागे जळतो. हीटसिंक नको, चटके नकोत.

आता बॅटरी. इथे तर ही पूजा थेट अंगाशी येते. माझ्या ओळखीच्या काही पोरांनी गावाकडच्या शेतासाठी जमिनीतला ओलावा मोजणारं यंत्र केलं. एटीमेगा३२८पी, सेन्सर, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि अर्थातच ७८०५. चौथ्या दिवशी बॅटरी संपली. नवीन घातली, परत तेच. मग कोड ऑप्टिमाइझ करणं सुरू झालं. स्लीप मोड लावला, सेन्सर तासातून एकदाच वाचला. पुन्हा चार दिवस! तोवर शेतकरी काकांनी ते यंत्र गोठ्यातल्या खुंटीला टांगलं होतं.

कारण? ती बॅटरी धरून चाला ५०० मिलिअँपिअर-तासांची. ७८०५ काहीही काम नसताना ५ मिलिअँपिअर घेतो. ५०० भागिले ५ म्हणजे १०० तास. संपला विषय! वॉचडॉग बंद करून गाढ झोपवला तर एटीमेगा एक मायक्रोअँपिअरही घेत नाही. म्हणजे राखणदार मालकाच्या पाच हजार पट जेवतोय आणि पोरं मालकाला डाएटवर ठेवतायत. वर या रेग्युलेटरला आत किमान ७ व्होल्ट लागतात, त्यामुळे बॅटरी ७च्या खाली उतरली की उरलेला जीव वाया.

एमसीपी१७०० नावाचा छोटासा एलडीओ स्वतःसाठी १.६ मायक्रोअँपिअर घेतो. वर्षभराचे फक्त १४ मिलिअँपिअर-तास! त्याला आत ६ व्होल्टच्या वर चालत नाही, म्हणून ती चौकोनी बॅटरी काढून तीन पेन्सिल सेल घाला. आणि खरं सांगू? एटीमेगा १.८ ते ५.५ व्होल्टवर चालतो. सेन्सरलाही चालत असेल आणि घड्याळ ८ मेगाहर्ट्झवर ठेवलं, तर तीन सेल थेट जोडा, रेग्युलेटरच नको. पण हे सुचायला ‘५ व्होल्ट म्हणजे ७८०५’ हे समीकरण डोक्यातून जावं लागतं.

कुणी म्हणेल, आता ७८०५ कोण वापरतं, आम्ही ईएसपी३२ वाले. बरं. मग त्याच्या बोर्डावर बघा, बहुतेक वेळा एएमएस१११७ बसलेला दिसेल. देव बदलला, आरती तीच. त्याला बाहेरच्या ३.३ व्होल्टवर आत आणखी एक ते सव्वा व्होल्ट लागतो, म्हणजे ४.४च्या आसपास. लिथियमचा सेल पूर्ण भरलेला असतानाही ४.२च देतो! मग वायफाय सुरू झालं की चिप एकदम शेकडो मिलिअँपिअर मागते, व्होल्टेज बसतं, चिप रीस्टार्ट होते. आणि आपण आयटीवाले काय करतो? कोडमध्ये डीले टाकतो, रिट्राय टाकतो, लायब्ररीला शिव्या घालतो. बग दोन रुपयांच्या चिपमध्ये आणि शोध चाललाय दोन हजार ओळींत.

सर्वात आवडतं उत्तर, "अरे, पण चालतंय ना?" चालतंय, पण कुठे आणि किती दिवस? त्या काकांनी पोरांना शब्दानेही दुखावलं नाही. पण आता दुसरं कुणी खरंच चांगलं यंत्र घेऊन गेलं तरी ते खुंटीकडेच बोट दाखवणार. हा तोटा कुठल्याच प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये लिहिलेला नसतो.

उलट टोकही नको. "लिनिअर म्हणजे जुनाट, सगळीकडे बक लावा" म्हणणारेही भेटतात. एलएम२५९६ सेकंदाला दीड लाख वेळा चालू-बंद होतो, त्याची खरखर सप्लायवर येते. ५ व्होल्टच्या १० बिट एडीसीची एक पायरी असते जेमतेम ४.९ मिलिव्होल्टची, तिथे ही खरखर रीडिंग नाचवू शकते. आणि तोही रिकामा बसून ५ मिलिअँपिअर घेतो, म्हणजे झोपणाऱ्या यंत्राला तोही निकामी.

तेव्हा मंडळी, रेग्युलेटर निवडायला चार आकडे लागतात. आत कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती व्होल्ट येणार? करंटचा सर्वात मोठा झटका किती? सर्किट झोपलं की किती? आणि उष्णता किती होणार, ती जाणार कुठे? डेटाशीटच्या पहिल्या दोन-तीन पानांत उत्तरं असतात. चहा गार व्हायच्या आत होणारं काम आहे.

आणि तुमच्यापैकी कुणी एक्स्टर्नल म्हणून जात असेल तर कृपा करा, पिन नंबर विचारू नका. "हाच का लावला?" एवढंच विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.