उत्सव सरतो, कान वाजत राहतात

विसर्जन मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी अनेकांच्या कानांत शिट्टीसारखा आवाज घुमत असतो. बहुतेकांचा तो एक-दोन दिवसांत विरतो; काहींच्या कानात कायमचा मुक्काम ठोकतो. हाच कर्णनाद, अर्थात टिनिटस. मोठ्या आवाजाने अंतर्कर्णातल्या सूक्ष्म केशपेशी मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. हमखास औषध नाही. समुपदेशन आणि श्रवणयंत्राने त्रास सुसह्य होतो, इतकेच.

निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा 2000 सालच्या नियमांनी घातली आहे. स्पीकरच्या भिंती आवाज शंभरीपार नेतात. ढोल-ताशा पथकांतली मुले तर तासन्‌तास दणदणाटाच्या मध्यभागी असतात. 85 डेसिबलला आठ तास सुरक्षित मानले जातात. पुढे दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला जेमतेम पाव तास उरतो.

पथकांनी ढोलाबरोबर इअरप्लगही द्यावेत, मंडळांनी भिंती उतरवाव्यात. आणि वाचकहो, दोन दिवसांनंतरही कान वाजत असतील, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी दाखवा.